वरणावरचं यीस्ट

व्हिटॅमिनसाठी जेवणावर टाकायचे यीस्ट फ्लेक्स घेता ना तुम्ही? मग आधी डब्याची मागची बाजू वाचत जा, बाप्पा.

व्हिटॅमिन बी-१२ कमी होऊन बाबांचे पाय बधिर झाले होते. ते माळकरी, अंडंही चालत नाही. म्हणून मीच हे पिवळे फ्लेक्स आणले आणि चार महिने त्यांच्या वरणावर टाकले. रोज विचारायचो, "पायाले आराम आहे का?"

"आहे गा."

मग धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टरनं डबा पाहिला. "हे साधं यीस्ट आहे. यात बी-१२ नसतं, ते वरून घातलेलं यीस्ट वेगळं मिळतं." त्यानं तळपायाला पिन टोचली. बाबांना कळलंच नाही.

बाहेर आल्यावर म्हटलं, "बाबा, मग आराम आहे काहून म्हणत होते?"

"तू रोज इतक्या आशेनं विचारे गा. नाही कसं म्हणू तुले?"