आयडाहोचा तुकडा

—नाही हो बाई, तो नकाशा नाही निघणार. नखाने खरवडू नका, खालचा रंग येईल सोबत. सगळ्यांच्याच ट्रेलरवर असतो तो, दाराशेजारी. ज्या राज्यात जाऊन आलात त्याचा रंगीत तुकडा चिकटवायचा. पहिल्यांदाच घेताय वाटतं असं गाडीमागे ओढायचं घर? मग तुम्हाला माहीत नसणार — नियम असतो त्याचा. नुसतं गाडीतून गेलं की लावायचं नाही, एक रात्र झोपलं पाहिजे तिथे. लोक लबाडी करतात, डिझेल भरायला उतरले तरी लावतात, पण आमचा ड्वेन नाही. माझा नवरा. फेब्रुवारीत गेला. — असू दे, तुम्हाला काय माहीत. तर ड्वेन म्हणजे असा, की कॅन्ससला आमचा पाण्याचा पाइप फुटला, सगळा ट्रेलर ओला, मोटेलात झोपावं लागलं, तर म्हणाला, मर्ना, मोटेल धरायचं नाही. दोन वर्षं कॅन्सस पांढरं ठेवलं! मग परत गेलो, ट्रेलरमध्ये झोपलो, तेव्हा कुठे लावलं. एवढा सरळ माणूस. आमच्या आख्ख्या नेब्रास्कात असा नाही असं मीच सांगायचे लोकांना. मीच.

या ना, आत या. पायरी जपून. ही शेगडी, दोन्ही बर्नर चालतात. फ्रिज जरा गुरगुरतो, पण थंड करतो. टेबल खाली केलं की पलंग होतो. सगळं लाकूडकाम त्याच्या हातचं, एकेचाळीस वर्षं सुतारकाम केलं त्याने, एक फळी करकरणार नाही. — कुठला कठडा? तो वरच्या बाकाचा? हो, आहे. पोरं पडू नयेत म्हणूनच असतो. तुम्हाला किती पोरं? दोन? मग उपयोगी पडेल.

नाही, आम्ही दोघंच फिरायचो. दोघांना कठडा कशाला, असंच विचारताय ना? मीही विचारलं. दहा दिवसांपूर्वी, ट्रेलर धुवायला काढला तेव्हा, इथेच उभी राहून मोठ्याने विचारलं, ड्वेन, हा कठडा कशाला रे? आणि मग बाहेर जाऊन नकाशावरची धूळ पुसली तर आयडाहो पिवळं! आहे ना पिवळं? बघितलंत ना तुम्ही? ते पांढरं होतं. मी स्वतः पांढरं ठेवलं होतं ते. आठ वर्षांपूर्वी ऑरेगनहून येत होतो, दुपारपासून आयडाहोतून चाललोय, ड्वेनचे डोळे मिटायला लागलेले, मला म्हणाला, इथे थांबू या का? मी म्हटलं, नाही. म्हणाला, इथून वीसच मिनिटं आहे तिचं घर. मी म्हटलं, डिझेल आहे ना? मग चल पुढे. गेला बिचारा थेट पुढच्या राज्यात, युटापर्यंत. आणि नकाशात रंगीत तुकड्यांमध्ये आयडाहो तेवढं पांढरं, पडलेल्या दाताच्या जागेसारखं.

तिचं म्हणजे — आमची मुलगी. कॉरीन. आहे तिकडे.

सांगण्यासारखं काही नाही हो त्यात. बारा वर्षं झाली. नोव्हेंबरातलं टर्कीचं जेवण, घरात वीस माणसं, माझी नणंद, पाद्रीबाई, सगळे. मी भोपळ्याचा केक कापतेय, आणि ही पोरगी सगळ्यांसमोर हसत हसत म्हणते, लहानपणी आमच्या घरात मोकळा श्वास घ्यायचा तर आई कामाला जायची वाट बघावी लागायची. हसले हो सगळे! माझी नणंद तर डोळे पुसेपर्यंत हसली. मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते, पहाटे पाचला निघायचे, कोणासाठी? मी सुरी खाली ठेवली, म्हटलं, माफी माग. म्हणाली, आई, गंमत केली. म्हटलं, मला नाही आली गंमत, माफी माग. नाही मागितली. कोट उचलला आणि चालती झाली, तिच्या ताटलीतला केक तसाच. म्हटलं ठीक, माफी मागेपर्यंत ह्या घराचं दार बंद. आणि ड्वेनला विचारलं, सगळ्यांदेखत विचारलं, तू माझ्या बाजूने आहेस की नाही? म्हणाला, तू म्हणशील तसं, मर्ना. — असं म्हणणं म्हणजे ‘हो’च ना? तुम्ही सांगा. तुमचा नवरा असं म्हणाला तर तुम्ही काय समजाल?

हो म्हणजे हो. तिचं लग्न झालं, आम्ही गेलो नाही. दोघंही नाही. मूल झाल्याचं कानावर आलं, मी काही विचारलं नाही, त्यानेही काही विचारलं नाही. मला वाटलं, काय खंबीर माणूस आहे! तीन वर्षांपूर्वी नाताळात माझंच मन जरा — म्हणजे मी नुसतं विचारलं, कॉरीनला एक कार्ड टाकू या का? त्याने पेपरचं पान उलटलं, म्हणाला, तुझी मर्जी. एवढंच. मला वाटलं, ह्याच्या मनातून ती पार उतरलेली दिसते, आता मी नमतं घेतलं तर हा काय म्हणेल? नवऱ्यासमोर आपलं हसं कशाला? म्हणून नाही टाकलं. कार्ड आणलेलं होतं हो. आहे अजून ड्रॉवरमध्ये.

आणि हा माणूस दरवर्षी जात होता तिच्याकडे!

ऐका तर. सहा वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, माझं फिरणं संपलं. मीच म्हटलं, तू जा, घरात बसून मला वैताग आणू नकोस. तर दरवर्षी ऑक्टोबरात हा ट्रेलर घेऊन जायचा, मित्राबरोबर, लायलबरोबर, साउथ डकोटाला रानकोंबड्यांच्या शिकारीला. साउथ डकोटा नकाशावर आधीच लावलेलं होतं बरं का, म्हणजे नवा तुकडा का नाही असं विचारायची सोय नाही. आठवड्याने परत यायचा, चार कोंबडे घेऊन, साफ केलेले. मी कांदा आणि साय घालून शिजवायचे, लायलला आणि त्याच्या बायकोला, डॉटला, जेवायला बोलवायचे. चौघं बसून खायचो. मी म्हणायचे, ड्वेन, काय नेम आहे तुझा, बंदुकीचा एक छर्रा दाताखाली येत नाही! आणि लायल मान खाली घालून खायचा. येईल कसा छर्रा? पाळलेले कोंबडे होते ते! वाटेत फार्मवरून विकत घ्यायचा. सहा वर्षं मी फार्मच्या कोंबड्यांचं कौतुक करत बसले, आणि ते तिघं मूग गिळून जेवत होते.

लायलनेच सांगितलं. हा पिवळा तुकडा बघितला तशी गाडी काढली आणि त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, लायल, आयडाहो. एवढंच म्हटलं. चेहरा पांढरा पडला त्याचा. म्हणाला, मी कधी गेलोच नाही, मर्ना. आठवडाभर तळघरात टीव्ही बघत बसायचो, ट्रक गॅरेजमध्ये घालून, तुला दिसू नये म्हणून. डॉट आतून म्हणते, मला तर चोरून दूध आणावं लागायचं ह्याच्यासाठी, कॉफीत दूध लागतं ना ह्याला. म्हणजे डॉटलाही माहीत! रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसून गाणी म्हणते ती.

कॉरीनला दोन पोरं आहेत. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. ह्या बाकावर झोपायची, आजोबाबरोबर, तिच्या अंगणात ट्रेलर उभा करून. त्यांच्यासाठी कठडा. आणि बघा त्याचा प्रामाणिकपणा — मला सहा वर्षं तोंडावर खोटं सांगितलं, पण आयडाहोत झोपला म्हणून तुकडा लावलाच! नकाशाशी खोटं नाही बोलला. माझ्याशी बोलला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दुसरी बाई असती ना, तर मला समजलं असतं. दोन ताटं फोडली असती, रडले असते, डॉटला सांगितलं असतं. हे कोणाला सांगू? नवरा लेकीला भेटायचा हो, असं? लोक म्हणतील, बरं केलं की.

नाही, मला माहीत आहे तुम्हीही तेच म्हणताय मनात. तोंडावर दिसतंय तुमच्या. पण एक सांगा, भांडण दोघांचं होतं ना? मग मी एकटीच बारा वर्षं ते डोक्यावर घेऊन उभी का? मला ओझं कमी थोडंच वाटत होतं! मी त्याच्यासाठी ताठ राहिले, आणि तो तिकडे पोरांना खांद्यावर घेऊन हिंडतोय. आणि त्या नाताळात, मी कार्डाचं विचारलं तेव्हा, तेव्हा तर सांगायचं होतं! ‘टाक कार्ड’ एवढे दोन शब्द. का नाही म्हणाला, माहिताय? दहा दिवस विचार करतेय मी. त्याचं छान चाललं होतं म्हणून. तिथे नातवंडं, इथे गरम जेवण. मी आले असते तर मी पुन्हा काहीतरी बोलले असते, पुन्हा सुरी खाली ठेवली असती, त्याचा आठवडा नासला असता. त्याने मला बाहेर ठेवलं. मी तिला बाहेर ठेवलं समजत होते, बाहेर मीच होते.

असो. बॅटरी नवी आहे. गेल्या वर्षीची.

टायरही नवे — टायरांचं काही बघायला नको तुम्हाला. तो काळजी घ्यायचा. तो गेल्यावरसुद्धा टायरवाल्याचे फोन येत होते त्याच्या मोबाइलवर. नावच तसं यायचं ना स्क्रीनवर, ‘टायरवाला’. दर रविवारी संध्याकाळी. मी म्हणायचे, मेल्याला रविवार तरी सोडवत नाही का? पहिल्यांदा नाही उचलला. दुसऱ्यांदा नाही उचलला. मार्चमध्ये एकदा वैतागून उचलला आणि समोरच्याला तोंडही उघडू दिलं नाही. म्हटलं, आम्हाला तुमच्याकडून काहीही नकोय, ड्वेनला फोन करायचा नाही, ह्या नंबरवर पुन्हा कधीही फोन करायचा नाही. पलीकडून श्वास ऐकू आला फक्त. मग ठेवला मी. पुन्हा नाही आला फोन. एप्रिलमध्ये नंबर बंद करून टाकला.

लायल म्हणाला, ड्वेनने कॉरीनचाच नंबर त्या नावाने ठेवला होता. टायरवाला म्हणून. मी बघू नये म्हणून.

— काय? काय म्हणालात? तो गेल्याचं तिला कळलंय का? नाही हो. कोण कळवणार? मी पेपरात दिलंच नाही, त्याला असलं आवडायचं नाही. लायलकडे तिचा नंबर नव्हता; त्याला वाटलं, आईच आहे, कळवलंच असेल. आणि मी म्हटलं होतं, कशाला कळवायचं, बापाची आठवण असती तर… ती तर दर रविवारी… आणि तिने माझा आवाज ओळखला असणार ना? ओळखला असणारच. तिला वाटत असेल, आईला कळलं, आणि बापाने मान खाली घातली. तू म्हणशील तसं, म्हणाला असेल. सोडलं त्यानेही. आणि हा ऑक्टोबर आहे. पुढच्या शनिवारी तो पोचायचा तिकडे. ती पोरांना काय सांगत असेल?

नाही, ट्रेलर नाही विकायचा. हो, जाहिरात मीच दिली होती, माहिताय मला. तुम्ही लांबून आलात, तेही माहिताय. नाही म्हटलं ना एकदा? जा तुम्ही आता. पायरी जपून. आणि दार लावून घ्या बाहेरून, मी बसते जरा.