वरच्या आळीचं ऊन

सभेचे अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष कमीलसाहेब. बैरूतहून आलेले पर्यावरण खात्याचे साहेब, उस्ताज हिकमत. पंख्याखालची खुर्ची बरोबर हेरून बसलेले जनरेटरवाले नौफल. आणि समोरच्या माझ्या सगळ्या आयाबायांनो, बाप्यांनो,

मी उम्म वदीअ, म्हणजे वदीअची आई. गावच्या शाळेत चार बुकं शिकले, म्हणून भाषण आटोपशीर होईल असं अध्यक्षांना वाटलं असावं.

आज जुमानाचा निरोप. पालिकेची ही इंजिनिअर पोरगी. खालच्या आळीत गच्च्यांवर सोलर बसवलं, ते हिनं. वरच्या आळीचं काम सुरू होणार, तेवढ्यात पालिकेनं हिला कामावरून कमी केलं. तिथं म्हणे नौफलचं डिझेलच चालू राहणार. नौफल अध्यक्षांचे मेहुणे आहेत, हे आपलं ओळख म्हणून सांगितलं.

उस्ताज आत्ताच म्हणाले, आपला लेबनॉन नकाशावर नखाएवढा, आपण धूर कमी केला काय न केला काय, आभाळाला काय कळणार? आभाळाचं मला ठाऊक नाही, उस्ताज. नौफलचा धूर माझ्या खिडकीतून आत यायचा. आमचे हे शेवटी शेवटी बसूनच झोपायचे. देश नखाएवढा असेल, खोकला पुऱ्या माणसाचा होता.

सोलर नवीन होतं तेव्हाची गंमत सांगते. किश्क वाळवायचे दिवस आले आणि गच्चीवर जागा कुठाय? दह्यात आंबवलेला दलिया, उन्हाशिवाय सुकतोय होय? पाहिलं तर पॅनल छान तापलेलं, उतरतं. टाकली त्यावर चादर आणि पसरला किश्क. माझं बघून शेजारणींनीही पसरला. दुपारी आळीतले फ्रिज बंद. नौफल गावभर सांगत सुटले, "बघा, उन्हाची वीज भर उन्हात गेली."

जुमाना शिडी चढून आली.

"मावशी, हे काय?"

"किश्क."

"अहो, मग विजेनं ऊन कुठनं प्यायचं?"

"रागावू नकोस, तुलाही वाडगाभर देते."

नाही रागावली. चौकटी सरकवून प्रत्येक गच्चीवर किश्कापुरतं ऊन मोकळं सोडलं. वरच्या आळीच्या नकाशात तर ती जागा आधीच धरलीय तिनं. असं माणूस काढून टाकतात का?

सरकारी वीज दिवसाला दोन तास येते, तीही लाजत. अंधाराला कंटाळून या देशात लोक आपणहून गच्चीवर चढले, उस्ताज, कुणाच्या परिषदेला विचारून नाही. अर्धं गाव झालं, अर्धं राहिलंय. ते होणार.

तर अध्यक्षसाहेब, आपल्या परदेशातल्या पोरांनी पाठवलेली पॅनलची खोकी पालिकेच्या आवारात पडून होती. आज ती तिथं नाहीत. शोधू नका, माझ्या घरात आहेत. वरच्या आळीच्या बायकांनी उचलली. त्यात नौफल, तुमचं कुटुंबही होतं, म्हणजे अध्यक्षांची सख्खी बहीण. म्हणाली, "मावशी, यांचीच काजळी, यांचेच शर्ट, आणि घासायचे मी." बसा, बसा. पाणी घ्या.

जुमाना, माझी माडीवरची खोली झाडून ठेवलीय. पालिकेनं काढलं, गावानं नाही. उद्या सकाळी शिडी लावायचीय.

अध्यक्षांनी माइक हाती दिला आणि अजून काढून घेतला नाही, त्यांचे उपकार. कॉफी चांगली होती. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. मला निरोप द्यायला उभं केलं होतं, तेवढा मात्र मी दिलेला नाही.