हिल्काचा पट्टा माझ्या कमरेला

...आणि वर म्हणतात कसे, हे तुमच्याच भल्यासाठी. असेल बाई. पण तुम्हाला सांगते, ज्या दिवशी आरोग्यकेंद्रवाल्यांनी आमच्या हिल्काला तो पट्टा बांधला, त्या दिवसापासून मी एक रात्र धड झोपलेले नाही. हिल्का माझ्या खालच्या मजल्यावरची, नव्वदीला टेकलेली, खुब्याचं हाड मोडून नुकती घरी आलेली. पट्टा तिच्या कमरेला आणि तिची हालचाल दाखवणारा पडदा कुठे, तर तिकडे मोठ्या शहरात, कचेरीत. ही उठली, बसली, कुशीवर वळली, की तिकडे रेघ वरखाली. फार वेळ नाही हलली तर फोन, फोन नाही उचलला तर दारात गाडी. तिकडे सगळं दिसतं.

आणि रेघ बिघडली की काय होतं ते मला ठाऊक नाही का? तळमजल्यावरच्या आर्मासचं काय झालं? तोही म्हणे नीट हलत नव्हता. बैठक झाली, सगळे किती गोड बोलले, त्याच्याच घरची कॉफी प्यायले, आणि थोड्या दिवसांत त्याच्या खिडकीचे पडदे उतरले. आता तो महामार्गापलीकडच्या वृद्धगृहात. भेटायला गेले तर विचारतो, "तुइया, माझ्या घरात आता कोण राहतं गं?" काय सांगणार? हिल्का तर बोलून मोकळी झालीय, "मला इथून न्यायचं तर आडवंच न्यावं लागेल."

बरं, तेही निभावलं असतं, पण शनिवार आला ना. शनिवारी तळघरातल्या साउनात, म्हणजे इमारतीच्या वाफेच्या खोलीत, हिल्काची ठरलेली पाळी, नवरा होता तेव्हापासूनची. केंद्रवाल्यांनी बजावलं होतं, हाड भरून येईपर्यंत साउना नको, घसराल. पण ही बाई एक वेळ जीव सोडेल, पाळी सोडायची नाही. पट्ट्याला धातूची डबी, त्या धगीत घालून बसली तर कातडी भाजणार. काढून खुंटीला लावावा, तर खुंटी काही चालत नाही. रेघ आडवी. म्हणजे गाडी आली, बैठक आली, पडदे...

हिल्का म्हणाली, "तू बांध की. तुझ्या कमरेला नाहीतरी दुसरं काय काम आहे?" अशी बोलते ही, आणि मी हिच्यासाठी जीव टाकते. "आणि हळू चाल, म्हातारीसारखी." बांधला. आत ती दगडांवर पाणी ओततेय, चुर्रर, आणि बाहेर मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अशी चालतेय की माझी मलाच दया आली. खोकलेसुद्धा नाही. न जाणो, खोकलाही कळत असेल. तिकडे सगळं दिसतं.

ती लालबुंद होऊन निघाली, तिला वर नेलं, सोफ्यावर निजवलं, तेवढ्यात खाली आमच्या ह्यांचा हॉर्न. तळ्याकाठच्या मंडपात नाच, त्यातून बायकांनी जोडीदार मागायची संध्याकाळ, उशीर झाला की चांगले नाचणारे संपतात. धावत गेले. पट्ट्यासकट. स्कर्टखाली होता, विसरले हो. हुम्पाची ती उडती चाल सुरू झाल्यावर उड्या काय, गिरक्या काय, शेवटी डावा गुडघा असा धरला की गाडीपर्यंत पाय ओढत आले. आणि बसताना कमरेला डबी टोचली.

नवरा म्हणाला, "पांढरी का पडलीस?"

म्हटलं, "हिल्का नाचली."

सोमवारी मी तिच्याकडे कॉफीला, पट्टा परत तिच्या कमरेला, आणि फोन वाजला. तिकडची मिल्ला, रेघा बघणारी. फोन स्पीकरवर, आवाज नुसतं लोणी. "हिल्का, शनिवारी संध्याकाळी कुठे होतात, आठवतंय का?"

"घरी."

"पळत होतात? स्वतःभोवती फिरत होतात? आणि मग पाय ओढत..." आवाज आणखी गोड झाला. "घाबरू नका हं. या वयात संध्याकाळी माणसं भरकटतात कधीकधी. घर सापडत नाही. आपण सगळ्यांनी एकदा बसून बोलूया का?"

बसून बोलूया. हिल्काचा कप ओठांपाशीच राहिला. कधी कुणाचं न ऐकणारी बाई नुसती माझ्याकडे बघतेय. खरं सांगावं तर साउना उघडा पडतो, न सांगावं तर डोकं फिरलं ठरतं. शेवटी मीच फोनवर वाकले आणि एका दमात म्हटलं, ती नाचली नाही मी नाचले, पट्टा मी बांधला होता, ती साउनात होती, तिचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे, तिला कुठेही न्यायचं नाही.

तिकडे शांतता. फिनलंडात शांततेला कुणी भीत नाही, एरवी.

मग मिल्ला म्हणाली, "बरं. बैठक नको. साउनात कुणी सोबत असेल तरच जा, आणि पट्टा काढताना कळवा." हिल्काने कप खाली ठेवला. मी श्वास सोडते न सोडते तोच, "आणि तो डावा पाय कुणाचा?"

"माझा," म्हटलं. माझं तोंड म्हणजे ना...

तर आता मलाही पट्टा आहे. काल मिल्लाचा फोन. "तुइया, गुडघ्याचं बघू. पण रोज सकाळी जिना चढताना तुम्ही मध्येच एका मजल्यावर बराच वेळ अगदी निश्चल उभ्या असता. दम लागतो का?"

म्हटलं नव्हतं, तिकडे सगळं दिसतं? आता काय सांगू तिला? की हिल्काच्या दाराला कान लावून उभी असते, आत कॉफी खदखदल्याचा आवाज येईपर्यंत माझा पाय पुढे उचलत नाही? हिल्काला कळलं तर त्याच जिन्यावरून खाली ढकलेल मला.

"लागतो," म्हटलं, "फार लागतो."

शुक्रवारी ठोके मोजायला छातीला यंत्र लावणार आहेत. धडधड तर काय, निघणारच.