दारावरचं कॅलेंडर

...आणि वर ती बँकेतली क्षितिजा काय म्हणते, तर "काका, हप्ता वाढलेला नाही, फक्त मुदत वाढली आहे." इतक्या गोड आवाजात, की मी थँक्यू म्हणून बाहेर आलो! तुम्हाला सांगतो, नारपोलीतला वन बीएचके, मी आणि बायकोनं, कमळनं, मिळून घेतलेला, माझा पगार दापोड्याच्या गोदामातला, तिचं गाऊन शिवणं, कागदांवर दोघांच्या सह्या, साठीला मोकळं व्हायचं असं ठरलेलं... पण व्याज बदलतं! का बदलतं? ते वर कुठेतरी ठरतं, आपल्याला नुसतं पत्र येतं. पहिल्या पत्रात साठीचे चौसष्ट झाले, मग सदुसष्ट, मग सत्तर. हप्ता तोच हं, फक्त मुदत वाढली.

मग कमळ गेली. अकरा दिवस दवाखान्यात होती... असो. तिथे कोणी मुदत वाढवून देत नाही.

महिन्याभरात व्याज पुन्हा चढलं. क्षितिजा म्हणाली, "काका, सत्तरीपुढे मुदत देता येत नाही, आता हप्ताच वाढवावा लागेल." साडेचार हजारांनी! आणि घरातलं शिवणयंत्र बंद. तीन हप्ते चुकले.

बरं, मी एकटा का? आमच्या अख्ख्या बिल्डिंगनं एकाच वर्षी, एकाच एजंटाच्या नादानं कर्ज काढलेलं. खालच्या तुळशीरामच्या दारावर बँकेनं जप्तीची नोटीस चिकटवली, तर त्यानं वरून वज्रेश्वरी देवीचं कॅलेंडर टांगलं. देवीला बाजूला कोण सारणार? बघता बघता चार मजल्यांवर सात कॅलेंडरं! पाहुणे म्हणायचे, किती देवभोळी माणसं हो तुमच्याकडे.

आता कॅलेंडर माझ्याही दारावर आहे, पण ते कमळनं लावलेलं, तीन वर्षांपूर्वी, जुनं कुलूप काढल्यावर राहिलेलं भोक झाकायला. "अहो, ते भोक कधी बुजवणार?" रोज! मी म्हणायचो, रविवारी.

म्हटलं, बँकेनं घ्यायच्या आत आपणच विकावं. कर्जाची बाकी चोवीस लाख. पण तुळशीरामचं घर लिलावात अठराला गेलं, आणि त्या दिवसापासून सगळ्या बिल्डिंगचा भाव अठरा! तरी दलाल धनेशनं एक गिऱ्हाईक आणलं. त्यानं घर पाहिलंच नाही. थेट कॅलेंडर उचललं. खाली भोक. आत वाकून बघितलं, आणि धनेशला म्हणाला, "इनको अभी नोटीस नहीं लगी? फिर मैं रुकता हूँ. लिलाव में सस्ता मिलेगा."

म्हणजे नोटीस लागली तर भाव पडतो, आणि नाही लागली तर माणूस ती लागायची वाट बघतो! मग विकायचं कधी, सांगा?

मी परत क्षितिजाकडे गेलो. म्हटलं, बाई, तीच जुनी मुदत वाढवा ना, मी ऐंशीपर्यंत भरतो, जगून दाखवतो. तिनं माझी फाईल मिटली आणि पुढचा नंबर पुकारला. या वेळी आवाज गोड नव्हता.

मंगळवारी बँकेचा माणूस आला. त्यानं न विचारता कॅलेंडर उचललं, खळ लावली, नोटीस नीट दाबून बसवली, बरोबर भोकावर, आणि कॅलेंडर होतं तसं सोडलं. म्हणाला, "सगळीकडे असंच करतो काका, लोकांना बरं वाटतं." तो गेल्यावर मी हात फिरवून पाहिला. पक्की बसलीय. कमळ असती तर म्हणाली असती, चला... बुजलं एकदाचं.