एका मताने पडलेला पूल

त्रेपन्न सालचा उन्हाळा. ऑस्ट्रेलियातली मरे नदी ओलांडायला तराफ्याची वाट पाहत आमच्या गाड्या खोळंबल्या होत्या. पुढच्या गाडीत आमचे आमदार क्लॅरी हचिन्स आणि त्यांची बायको मर्टल. काचा खाली होत्या.

"पुलाचा ठराव एका मताने पडला म्हणे. ते मत कुणाचं, क्लॅरी?"

"माझं."

"तुझं? अरे, पूल तूच मागितला होतास ना!"

"मतदानाची घंटा वाजली तेव्हा मी समोरच्या बाकावर होतो. नको म्हणणारे तिकडेच बसतात, आणि मतं बाकांवरूनच मोजतात."

"तिकडे कशाला तडमडला होतास?"

"तिथे बसणाऱ्या ओब्रायनच्या कुत्रीला पिल्लं झालीत. एक मागत होतो."

"मग उठून यायचं!"

"घंटेनंतर सभागृहाची दारं लावली की जागा बदलता येत नाही, मर्टल."

"आता लोकांपुढे काय, पिल्लू घेऊन जाणार?"

तेवढ्यात तराफेवाला वॉली त्यांच्या खिडकीशी आला.

"साहेब, पूल झाला असता तर माझी नोकरी गेली असती. माझं मत तुम्हालाच."

"ऐकलंस, मर्टल? आणि घरच्यांची मतं, वॉली?"

"ते सगळे पुलाच्या बाजूचे, साहेब. रोज माझ्याच तराफ्यासाठी ताटकळतात ना!"