बाळ वय विचारून रडत नाही

बरी गंमत आहे! माझा प्रश्न तीन आठवडे लोंबकळत पडलाय, आणि वर मलाच सांगतात, "बाईंच्या निरोपाला दोन गोड शब्द बोला." ज्यांनी उत्तर द्यायचं त्या शनिवारी दवाखाना सोडून चालल्या, मग गोड कुठून येणार? लिहून दिलेला कागद आहे माझ्याकडे. त्यात "श्रवणक्षमता" वगैरे आहे. चौथी शिकलेल्या बाईच्या तोंडात ते मावत नाही, म्हणून कागद घडी घालून ठेवला.

थांबा, रीत राहिली. माननीय अध्यक्षसाहेब, गिरणीचे मॅनेजरसाहेब, वर बसलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या कानाच्या डॉक्टरबाई, आणि खुर्च्या संपल्या म्हणून मागे भिंतीला टेकलेल्या माझ्या मैत्रिणींनो, सगळ्यांना नमस्कार.

नव्या लोकांसाठी सांगते. विणकाम खात्याच्या भिंतीला भिंत लावून पाळणाघर आहे. तिथली मी आया. तान्ह्यांची खोली माझी.

बाई आल्या तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो. कपाटाएवढी खोली, त्यात एकेकीला कोंडायचं, कानाला डबड्या लावायच्या, आवाज आला की बटण दाबायचं. मला दम कुठला? दोनदा काही न ऐकताच दाबलं. बाई काचेतून म्हणाल्या, "ताई, मी अजून आवाज सोडलाच नाही." तेव्हापासून आमचं जमलं. पुढे मी आमच्या वस्तीतल्या कितीतरी बायका त्यांच्याकडे ओढून आणल्या. एकीनं तर लग्नाला निघावं तशी वेणीफणी केली होती, फोटो काढणार समजून!

तर त्या वेळी माझा निकाल लागला: कमी ऐकू येतं. मी घाबरले. मोठ्या मुलांच्या खोलीत बदली मागून घेतली, तिथे ऐकू न येऊन जाईल कुठे, ती कार्टी ओरडतातच. पण बाईच म्हणाल्या, "हे माप परक्या लोकांचं आहे. दुसऱ्याच्या अंगाचा सदरा आपल्याला कसा बसेल? आपल्या माणसांना कुठल्या वयात किती ऐकू येतं, तो आपला तक्ता हवा." आणि केला हो त्यांनी! विशीपासून सत्तरीपर्यंतची माणसं तपासली, मी ओढून आणलेल्या बायकाही त्यातच. त्याबद्दल टाळ्या वाजवा, मी थांबते.

वाजवल्या? आता पुढचं ऐका.

नवा तक्ता झाला आणि माझा कागद पुन्हा आला. आकडे तेच. कान तेच. निकाल मात्र निराळा: "वयाच्या मानानं नॉर्मल." आमचे हे म्हणाले, "मी सांगत नव्हतो? कान धड आहेत, माझ्याकडेच लक्ष नसतं!" घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मी परत तान्ह्यांच्या खोलीत आले. पण डोक्यात किडा वळवळत होता. मी बरी झाले, की आमची सगळी वस्तीच माझ्यासारखी निघाली? बाईंना विचारलं, "या तक्त्यात माझेही कान आहेत का?" म्हणाल्या, "आहेत. मागाच्या खडखडाटानं कान जातात, म्हणून मागावर काम करणाऱ्यांना वगळलं. तुम्ही मागावर नव्हतात." अहो, मागावर नव्हते, पण भिंतीपलीकडे तर होते ना? आणि माझेच कान घालून माप केलं, त्याच मापानं माझे कान मोजले, हे कसं? बाई हसल्या. "एका माणसानं तक्ता हलत नाही, ताई." असेल. मला ते तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

इथवर गोंधळ माझ्या एकटीचा होता. मग तो दिवस आला. मी दुपटी घड्या करत बसले होते, पाठ पाळण्यांकडे. सुट्टी झाली तशी एक मुलगी, बॉबिन भरते ती, बाळाला पाजायला आली. दारातच ओरडली, "माझी रडतेय!" कोपऱ्यातल्या पाळण्यात बाळाचा हात दांड्यांत अडकला होता. मोठ्यानं रडून रडून घसा बसला असेल, नुसतं कण्हत होतं. मनगट लालबुंद. आता बरं आहे, देवाची कृपा. पण ती आई मला म्हणाली, "मावशी, झोपला होतात ना? खरं सांगा."

झोपले असते तर परवडलं असतं, अध्यक्षसाहेब! झोपेला चहा आहे. मी टक्क जागी होते.

"कान तपासून घेतलेत, नॉर्मल आहेत," मी म्हटलं. तर म्हणते, "मग तर तुम्ही झोपलाच होतात." बोला! ज्या कागदानं मला वाचवायचं, त्यानंच पकडून दिलं.

तशीच बाईंकडे गेले. त्यांनी कागद बघितला, पुन्हा बघितला. म्हणाल्या, "तक्ता चुकलेला नाही, ताई. तुमच्या वयाच्या बायकांना साधारण किती ऐकू येतं, एवढंच तो सांगतो." मी म्हटलं, "अहो, पण बाळ माझं वय विचारून रडत नाही! त्याचं कण्हणं मला ऐकू येईल का, ते कुठला तक्ता सांगतो?" बाईंनी कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "असा तक्ता माझ्याकडे नाही. विचार करून सांगते." आणि आज बघते तर निरोपाचा हार आणलेला.

बाई, तुमच्यावर राग नाही. आम्हाला काय ऐकू येतं हे त्या कपाटात बसवून विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या. तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. या सोहळ्याला बोलावलंत, सगळ्यांचे आभार. कुणाचा मान राहिला असेल, तोंडातून जास्तीचं निसटलं असेल, तर ते अडाणीपणाच्या खाती घाला आणि पोटात घाला.

पण शनिवारी तुम्ही कुलूप लावायच्या आत मी दारात उभी असेन. सोमवारी सकाळी ती मुलगी बाळ घेऊन येणार, आणि कुणाच्या हातात द्यायचं म्हणून माझ्या तोंडाकडे बघणार. तान्ह्यांच्या खोलीत मी बसू की नको? हो म्हणा, नाही म्हणा. फक्त "वयाच्या मानानं" म्हणू नका.