मामाचं जपानी

सगळा दोष मामाचा. मी कॉलेज सोडलंय हे झाकायला, पालमला मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे यायच्या आधीच त्यानं ठोकून दिलं, "आमचा भाचा जपानी शिकायलाय. तिकडंच जाणार हाय."

मुलीचे वडील मास्तर. लगेच म्हणाले, "मग बोला की पाव्हणे थोडं जपानी."

माझं जपानी ॲनिमे बघून आलेलं, आणि पाठ होतं ते सगळं लढाईतलं. उठलो, छाती काढली आणि हीरो मरायच्या आधी जे ओरडतो ते जसंच्या तसं ओरडलो. अंगणातली म्हैस उठून उभी राहिली.

मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच थांबली. "बाबा, ही सिरीज मी पण बघते! शेवटच्या भागात हाय हे."

"तुमी रडलात का तिथं?" मी विचारलं.

"लय."

मला ती तिथंच पसंत पडली.

मास्तर म्हणाले, "म्हणजे कार्टून?"

मामानं माझ्या मांडीला चिमटा काढला. "ल्हानपणीचा नाद हो. सोडला त्यानं."

"सोडला म्हणा पाव्हणे," मास्तर म्हणाले, "आमी विसरून जाऊ."

"न्हाई सोडला. सोडलंय ते कॉलेज. खोटं मामा बोलायलाय, मी न्हाई. आणि ते कार्टून न्हाई, ॲनिमे हाय."

येताना एसटीत मामा तोंड फिरवून बसला. मी मान ताठ ठेवून बसलो. आजही कुणी विचारलं तर हेच सांगीन.

तो भाग बघून रडलेली अख्ख्या जिल्ह्यात एकच मुलगी मला भेटली. ती हातची गेली.